हर्बल टीच्या पिशवीत नेमकं काय आहे? मास स्पेक्ट्रोमीटरला विचारूया

लोकलमध्ये हेडफोन विसरलात किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, तर आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे पसरट झालं तिथे थोडं आवरलंय, आणि जे आकडे कानाने पकडणं अवघड जातं ते इथे नीट लिहून दिलेत.

विषय आहे हर्बल टी. आपल्याकडे ही कल्पना नवी नाहीच. गवती चहा आपण पिढ्यान्‌पिढ्या पितोय आणि त्यात चहा नसतो हे कोणाला सांगावं लागत नाही. सर्दी झाली की आलं, तुळस, मिरी, ज्येष्ठमध टाकून काढा. फरक इतकाच, की कुंडीतला गवती चहा तुम्ही स्वतः कापता. पान दिसतं, वास येतो, ओळखीचं असतं. ऑनलाइन मागवलेल्या पिरॅमिड पिशवीत असतो तो बारीक चुरा. त्यावर छापलंय 'कॅमोमाइल' किंवा 'डिटॉक्स ब्लेंड', आणि आपण त्या छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवतो. आता हा विश्वास तपासायचा कसा? आणि तपासला नाही तर फार तर काय होईल?

काय होऊ शकतं ते आधी सांगतो.

सप्टेंबर २००१, नेदरलँड्स. एक हर्बल चहा प्यायल्यावर दोन ते चार तासांत लोकांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या. एकूण ६३ जणांनी तक्रार केली. २२ जणांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं, आणि त्यातल्या १६ जणांना चक्क आकडी आली होती. फिट म्हणतो ना, तीच. ज्यांना आयुष्यात कधी फिट आली नव्हती, त्यांना चहा पिऊन. तपासाचं बोट शेवटी आलं ते चहातल्या एका घटकावर. चक्रीफूल! काही घरांत बाद्यान म्हणतात ते. आपल्या मालवणी मसाल्यातलं, बिर्याणीतलं, आठ पाकळ्यांचं चांदणीसारखं फळ.

घाबरू नका, मसाल्याचा डबा फेकायची गरज नाही. चक्रीफुलाचं एक जुळं भावंड आहे. आपण खातो ते चिनी चक्रीफूल, शास्त्रीय नाव इलिसियम व्हेरम. दुसरं जपानी, इलिसियम ॲनिसाटम. जपानमध्ये त्याला शिकिमी म्हणतात. बौद्ध मंदिरात आणि थडग्यांवर त्याच्या फांद्या वाहतात, त्याची पूड उदबत्तीत वापरतात. पण खात मात्र नाहीत, कारण त्यात ॲनिसॅटिन नावाचं विष असतं. आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन ब्रेकसारखं काम करतं, चेतापेशींना शांत ठेवतं. ॲनिसॅटिन तो ब्रेकच अडवतं. ब्रेक गेला की पेशी सुसाट सुटतात आणि माणसाला आकडी येते.

(एक गंमत सांगून टाकतो. २००५ च्या बर्ड फ्लूच्या वेळी गाजलेलं टॅमिफ्लू हे औषध ज्या शिकिमिक आम्लापासून बनायचं, त्याचं नाव या शिकिमीवरून पडलंय. औषध कंपन्या मात्र ते आम्ल चिनी चक्रीफुलातून काढायच्या. नाव एका भावाचं, कष्ट दुसऱ्याचे.)

अख्खी फळं असतील तर जाणकार थोडाफार फरक सांगतात. जपानी फळ जरा लहान, टोकं आकड्यासारखी वळलेली, वास बडीशेपेपेक्षा वेलदोड्याच्या जवळ जाणारा. पण वाळलेल्या, तुटलेल्या मालात हे ओळखणं कठीण, आणि दळून पिशवीत भरल्यावर तर विषयच संपला. डोळे आणि नाक दोन्ही बाद. इथे लागतो मास स्पेक्ट्रोमीटर.

मी केमिस्ट नाही, कोड लिहून पोट भरतो. तरी हे यंत्र मला कळायला सोपं गेलं, कारण आतून ते बरंचसं आपल्यासारखंच विचार करतं. करतं काय? रेणूंचं वजन. पण तागडीत टाकून वजन करण्याइतका रेणू मोठा नसतो, म्हणून युक्ती लढवावी लागते. आधी रेणूला विद्युतभार द्यायचा, म्हणजे त्याचा आयन करायचा. भार असला की त्याला विद्युतक्षेत्रात ढकलता येतं, वळवता येतं. हलका आयन पटकन वळतो, जड आयन आळसावतो. अगदी गर्दीच्या वळणावर सायकल आणि ट्रकचं होतं तसं. या वागण्यावरून वस्तुमान भागिले भार हा आकडा निघतो. इंग्रजीत त्याला 'एम बाय झेड' म्हणतात. यंत्राचा आउटपुट म्हणजे शेवटी दोन कॉलमचं टेबल: कोणत्या आकड्याचे आयन आले आणि किती आले. बास!

आता ॲनिसॅटिनचा आकडा काढूया, पेन घ्या. त्याच्या एका रेणूत १५ कार्बन, २० हायड्रोजन आणि ८ ऑक्सिजन. कार्बनचं वस्तुमान बरोब्बर १२ धरलेलं असतं, हायड्रोजन १.००७८, ऑक्सिजन १५.९९४९. बेरीज येते ३२८.११५८. निगेटिव्ह मोडमध्ये हा रेणू एक प्रोटॉन सोडतो, म्हणून यंत्रात तो ३२७.१०८५ वर दिसायला हवा.

"दशांशानंतर चार आकडे? कशाला एवढी हौस?" हा प्रश्न मला रेकॉर्डिंगच्या आधीच एका मित्राने विचारला. कारण ३२८ वजनाचे रेणू निसर्गात ढिगाने आहेत. उदाहरणार्थ रोडोडेंड्रिन. त्यात १६ कार्बन, २४ हायड्रोजन, ७ ऑक्सिजन. बेरीज करून बघा, ३२८.१५२२ येईल. पूर्णांकात बघितलं तर दोघं अगदी सारखे, एकाच नावाची दोन माणसं. दशांशात मात्र ०.०३६४ चा फरक. साधं यंत्र दोघांना एकाच खोक्यात टाकेल. फरक दिसण्यासाठी त्याला साधारण नऊ हजारांत एक इतकी बारीक नजर हवी. ऑर्बिट्रॅपसारख्या यंत्रांची नजर लाखाच्या आसपास सहज जाते.

ऑर्बिट्रॅपचं काम कसं चालतं हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, इंजिनिअरिंगवाल्यांनी कान टवकारा. आत चातीसारखा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता इलेक्ट्रोड असतो. आयन त्याच्याभोवती घिरट्या घालत मागे-पुढे झोके घेतात. जड आयनाचा झोका संथ, हलक्याचा जलद. वस्तुमान चौपट झालं तर वारंवारता निम्मी. हे सगळे झोके मिळून एक गुंतागुंतीचा सिग्नल बनतो, आणि मग त्यावर चालवतात... फूरिए ट्रान्सफॉर्म! दुसऱ्या वर्षाला 'हे आयुष्यात कुठे लागणार' म्हणून आपण जे रट्टा मारून पास केलं तेच. रशियन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर मकारोव यांनी हे यंत्र घडवलं आणि २००५ मध्ये ते बाजारात आलं.

पण वजन जुळलं म्हणजे ओळख पटली असं नाही. एकच सूत्र असलेले, पण जोडणी वेगळी असलेले रेणू असतात. म्हणून पुढची पायरी: आयन पकडायचा, वायूच्या रेणूंवर आपटायचा आणि तुकडे बघायचे. कोणता रेणू कुठे तुटेल हे त्याच्या जोडणीवर ठरतं. प्रोग्रॅम क्रॅश झाल्यावर आपण स्टॅक ट्रेस बघतो ना, तसंच काहीसं. शिवाय यंत्रात जाण्याआधी काढा एका बारीक कॉलममधून सोडतात. त्यात प्रत्येक रेणू आपापल्या वेळेला बाहेर पडतो, म्हणजे वेळ हाही एक पुरावा झाला. वजन जुळलं, तुकडे जुळले, वेळ जुळली, तरच 'सापडलं' म्हणायचं. किती सापडलं हे सांगायला ज्ञात प्रमाणाचे नमुने चालवून आधी तुलनेची रेघ आखून ठेवावी लागते. हे शेवटचं काम कंटाळवाणं असतं, आणि खरा भरवसा त्याच्यावरच उभा असतो.

हे सगळं करायला वेळ लागतो. नमुना दळा, द्रावकात भिजवा, गाळा, कॉलममधून सोडा. बंदरावर कंटेनर उभा असताना कोण थांबतंय? म्हणून २०१२ साली नेदरलँड्समधल्याच वागेनिंगेनच्या संशोधकांनी केलेलं काम मला फार आवडलं. त्यांनी 'डार्ट' नावाची पद्धत वापरली. हिची ओळख जगाला झाली २००५ मध्ये. गरम हेलियमचा झोत असतो. त्या झोतातले उत्तेजित अणू हवेतल्या बाष्पाला भार देतात आणि बाष्प तो भार पुढे नमुन्याला देतं. भिजवणं-गाळणं जवळजवळ नाहीच. चक्रीफळाचा तुकडा किंवा चहाचा थेंब झोतात धरायचा, काही सेकंदांत उत्तर. चिनी आणि जपानी फळांतल्या ॲनिसॅटिनचा फरक त्यांना दिसला तो हजार पटींच्या घरातला. इतका फरक असेल तर निर्णय घ्यायला डेटा सायंटिस्ट लागत नाही, एक 'इफ' पुरेसा आहे.

मला विचाराल तर हर्बल टीच्या दर्जाचा प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांमुळे येतो, आणि तिघांना एकाच रागाने बघू नये. पहिला, ज्याची गफलत झाली. चक्रीफुलाचं बहुतेक असंच. दुसरा, ज्याच्या शेतात तण होतं. आणि तिसरा, ज्याने मुद्दाम मिसळलं.

तणाची गोष्ट ऐका. पावसाळा संपत आला की सह्याद्रीच्या पठारांवर पिवळीधमक सोनकी फुलते, आपण सगळे जाऊन रील काढतो. ती सेनेशिओ या प्रजातीतली. या प्रजातीतल्या अनेक वनस्पती किडे-जनावरांपासून बचावासाठी पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची रसायनं बनवतात. ही रसायनं यकृताला घातक, आणि एका दिवसात काही कळत नाही, हळूहळू साठत जाणारं नुकसान. युरोपात सोनकीची चुलत भावंडं कॅमोमाइलच्या शेतात तण म्हणून उगवतात. यंत्राने कापणी केली की पिकाबरोबर तीही कापली जातात, वाळतात आणि पिशवीत येतात. २०१३ मध्ये जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने बाजारातले हर्बल चहा तपासले, तेव्हा काहींत ही रसायनं अपेक्षेपेक्षा बरीच जास्त सापडली. त्यानंतर युरोपीय संघाने मर्यादा ठरवल्या आणि जुलै २०२२ पासून त्या लागू आहेत: बहुतेक वाळलेल्या हर्बल चहांसाठी किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, आणि कॅमोमाइल, पेपरमिंट, रुईबोस अशा काहींसाठी ४००. दोन ग्रॅमच्या पिशवीचा हिशोब केला तर २०० च्या मर्यादेला ०.४ मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका कणापेक्षाही कितीतरी कमी! आणि तेही पस्तीसएक वेगवेगळ्या रसायनांची बेरीज. मास स्पेक्ट्रोमीटर नसता तर असा नियम करूनही उपयोग नव्हता, कारण मोजणार कोण?

'ते युरोपातलं' म्हणून सोडून देऊ नका. १९७५ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा जिल्ह्यात गावकऱ्यांना यकृताच्या गंभीर आजाराने गाठलं होतं. कारण सापडलं ते त्यांच्या भरडधान्यात मिसळल्या गेलेल्या क्रोटालेरियाच्या बियांत. म्हणजे आपल्या खुळखुळ्याचं आणि तागाचं कुळ. विष तेच, पायरोलिझिडिन अल्कलॉइड. तिथे चहा नव्हता, पण तण आणि पीक एकत्र कापलं जाण्याची भानगड तीच.

आणि आता तिसरा माणूस. याच्याबद्दल मी जरा चिडूनच बोललो होतो, ऐकलंत तर कळेल. 'सात दिवसांत पोट सपाट' चहा. यातले काही नुसते सोनामुखीवर चालतात. सोनामुखी म्हणजे जुलाब. वजनकाट्यावर जे कमी झालं ते पाणी, परत येणारच. हे निदान डब्यावर लिहिलेलं तरी असतं. भयंकर प्रकार पुढे आहे. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं, २०११ मध्ये भारतानेही बंदी घातली. त्यानंतरही 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग चहा-कॉफीत ते लपवलेलं सापडत राहिलंय. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने अशा उत्पादनांची नावं घेऊन वारंवार इशारे दिलेत. ज्याला आधीच बीपी आहे त्याने वजन कमी करायला हा चहा घेतला तर? त्याला माहीतही नाही की तो औषध घेतोय, मग डॉक्टरला काय सांगणार?

गंमत म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरसमोर सिब्युट्रामिन लपूच शकत नाही. त्याच्या रेणूत एक क्लोरीन आहे. निसर्गात क्लोरीन दोन वजनांचा मिळतो, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक या प्रमाणात. त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये २८०.१८ वर एक उंच रेघ आणि तिच्यापासून दोन घरं पुढे, तिच्या एक तृतीयांश उंचीची दुसरी. हा जोडीचा ठसा वनस्पतींच्या नेहमीच्या रसायनांत सहसा दिसत नाही, म्हणून तो बघितल्याबरोबर विश्लेषकाच्या भुवया उंचावतात. कार्बनचंही असंच असतं: सुमारे १.१ टक्का कार्बन १३ वजनाचा. म्हणून १५ कार्बनवाल्या ॲनिसॅटिनच्या पुढच्या घरात साधारण १६ टक्के उंचीची छोटी रेघ हवीच. नसेल तर सापडलेला रेणू दुसराच कोणीतरी आहे. निसर्गाने दिलेला चेकसम म्हणा.

मग हे यंत्र सर्वज्ञ आहे का? नाही. वर सांगितलेलं सगळं 'ग्रेप' आहे, ठराविक नाव शोधणं. लॅबला सिब्युट्रामिन शोधायला सांगितलं तर ती ॲनिसॅटिन शोधत बसणार नाही. दुसरी पद्धत आहे, संपूर्ण स्पेक्ट्रमचा ठसा घ्यायचा आणि खात्रीच्या शेकडो नमुन्यांशी ताडून 'हा वेगळा दिसतोय' इतकंच विचारायचं. मशीन लर्निंगवाल्यांच्या जिव्हाळ्याचं काम. पण त्यांना नेहमीचा धोका इथेही आहे. तुमचे सगळे शुद्ध नमुने एका शेतातले आणि भेसळीचे दुसऱ्या शेतातले असतील, तर मॉडेल भेसळ शिकत नाही, शेत शिकतं. आणि चव, ताजेपणा, पाण्याला रंग कसा येतो, हे सांगायला अजून माणसाची जीभच लागते.

रेकॉर्डिंगनंतर व्हॉइस नोट्समध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: "माझ्या ब्रँडच्या डब्यावर 'लॅब टेस्टेड' लिहिलंय, म्हणजे ठीक ना?"

नुसतं तेवढंच लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. रिपोर्ट मागा, चांगल्या कंपन्या साइटवर टाकतात किंवा क्यूआर कोड देतात. रिपोर्टवरचा बॅच नंबर तुमच्या डब्यावरच्या नंबरशी जुळतो का ते आधी बघा, कारण तीन वर्षांपूर्वीच्या एकाच सुंदर बॅचचा रिपोर्ट मिरवणारे खूप आहेत. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का, आणि ती याच चाचणीसाठी आहे का, हेही बघा. काय काय शोधलं त्याची यादी वाचा. आणि 'आढळले नाही' या शब्दांशेजारी, किती प्रमाणापर्यंत मोजता येतं तो आकडा दिलाय का? लॉग लेव्हल 'एरर'वर ठेवली तर वॉर्निंग दिसत नाहीत, त्या नसतात असं नाही. इथेही तसंच. ज्या पद्धतीला किलोमागे १० मिलिग्रॅमच्या खालचं दिसतच नाही, ती २०० मायक्रोग्रॅमची मर्यादा तपासू शकत नाही. मधला फरक पन्नास पटींचा आहे.

दुसरा प्रश्न एका नव्या आईचा होता, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. परदेशात राहणाऱ्या तिच्या शेजारणीने बाळाच्या पोटदुखीवर चक्रीफुलाचा चहा सुचवला होता. कृपया देऊ नका. अमेरिकेत २००३ मध्ये अन्न-औषध प्रशासनाने याच चहाबद्दल इशारा दिला होता. तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ४० जणांना त्रास झाल्याची नोंद होती आणि त्यात साधारण १५ तान्ही बाळं होती. चिनी चक्रीफूल शुद्ध असलं तरी त्यातही अशाच धाटणीची रसायनं अल्प प्रमाणात असतात. बिर्याणीत एखादं फूल मोठ्या माणसाला काही करत नाही, पण चार किलोच्या बाळाचा हिशोब वेगळा. पहिले सहा महिने आईचं दूध, बाकी काही द्यायचं असेल तर आधी डॉक्टर.

आणि कुठलाही हर्बल चहा प्यायल्यावर कोणाला उलट्या, झटके, काही विचित्र झालं, तर हॉस्पिटलला जाताना उरलेला चहा आणि त्याचा डबा बरोबर न्या, धुवून टाकू नका. लॅबला शोधायला काहीतरी हातात लागतं.

पुढच्या भागात याच यंत्राचा चुलत भाऊ, आयसीपी-एमएस. हळदीतलं शिसं तो कसा पकडतो ते बघू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट टाका, एक मिनिटाच्या आत मात्र!